टांगा माझ्या घड्याळाने सुटेल

मी, शरणबसप्पा अण्णाराव हत्तरगे, वय एकोणऐंशी, धंदा टांगा हाकणे, राहणार लोहारा, जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. मुलगा नंदीश याला शंका असल्यास त्याने डॉक्टरांचा सोबतचा दाखला वाचावा.

१. राहते घर नंदीश आणि मुलगी शिवगंगा यांना निम्मे निम्मे. तबेला शिवगंगाच्या वाट्यात धरावा.

२. टांगा, घोडी हरणी आणि सर्व साज एकट्या शिवगंगाला. नंदीशने टांगा हायवेवरच्या ढाब्यापुढे शोभेला ठेवण्याचे परस्पर कबूल केले आहे. ते रद्द समजावे. माझा टांगा फोटो काढायला नाही, गावाला जायला आहे.

३. भिंतीवरचे चावीचे घड्याळही तिलाच. ते दहा मिनिटे पुढे आहे, तसेच ठेवावे. त्यावर टांगा सुटायचा म्हणून माझ्या एकाही सवारीची एसटी चुकली नाही. दर सोमवारी चावी द्यावी. नंदीशने मोबाईल बघून ते दोनदा बरोबर करून ठेवले होते. पुन्हा हात लावू नये.

४. माझा पाय मोडला तेव्हा शिवगंगाने चार महिने माकणीची फेरी केली. स्टँडवर चारचौघांत माझा जुना दोस्त भीमाशंकर म्हणाला, "पोरीच्या टांग्यात बसण्यापरीस म्या चालत जाईन!" सगळे हसले. मीही हसलो, आणि पाय बरा होताच लगाम तिच्या हातून काढून घेतला. ती माझ्याहून चांगली हाकत होती हे मला तेव्हाच ठाऊक होते. त्याची लाज अजून वाटते.

५. मेल्यावर आमच्या लिंगायत रीतीने मला बसवूनच नेतील. तर टांग्यातच बसवावे, मागे, सवारीच्या जागेवर. लगाम शिवगंगाच्या हाती. बाईमाणसाने कसे, असे कोणी म्हटल्यास त्याला हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे आणि बाजूला करावे. माझ्या घड्याळात दहाचे ठोके पडले की टांगा सुटेल. नंदीश पुण्याहून पोचला नसला तरी थांबू नये. मी तहसीलदारासाठीही थांबलो नव्हतो. भीमाशंकरने बोलल्याप्रमाणे चालत यावे.

ठिकाण: लोहारा
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२४
सही: श. अ. हत्तरगे

वरील सही आमच्यादेखत झाली. साक्षीदार:

१. बिभीषण दगडोबा रणखांब (सही)

२. भीमाशंकर बिराजदार (सही)
सहीखाली त्यांच्याच अक्षरात: "समदं वाचलं. तुला धरून बसायला कुणीतरी लागंलच. शिवगंगा हाकणार असंल तर म्या चालत येणार न्हाय. शेजारी जागा ठेव."