प्रणालीचा गुडघा

रवि. १४ सप्टें.
सकाळी साडेआठला प्रणालीची मॅच. मोबाइल डब्याला टेकवून ठेवला, ह्यांना ड्यूटीवर जायच्या आधी बसवलं. पोरगी मेलबर्नला शिकायला गेली त्याला पाच वर्षं झाली. दोन वर्षांपासून तिथल्या क्लबकडून पगारावर खेळते, तरी हा ऑस्ट्रेलियन फुटबॉल मला पुरता कळत नाही. लांबट चेंडू, चार खांब, मधल्या दोनांतून मारला की सहा गुण. तिसऱ्या भागात ती उंच उडाली, चेंडू धरला. खाली येताना उजवा गुडघा आत वळला.
हे म्हणाले, "उठंल, थांब."
नाही उठली.

मंगळ. १६ सप्टें.
तिचा फोन. गुडघ्यातलं लिगामेंट पूर्ण तुटलं. ऑपरेशन, मग वर्षभर मैदान नाही. रडत होती. मी "होईल बरं, होईल बरं" एवढंच. फोन ठेवला आणि पहिला विचार आला तो हा, की आता घरी येईल.
कोणाला सांगू? शाळेतल्या सहकाऱ्यांनाही नाही, ह्यांनाही नाही. इथे लिहिते.

गुरु. २ ऑक्टो.
ऑपरेशन झालं. महिनाभराने डॉक्टर विमानात बसू देतील म्हणे. सुट्टी होती, तिची खोली धुतली. पलंग खिडकीकडे सरकवला. गादी नवीन भरून घ्यायची.

रवि. ९ नोव्हें.
नागपूरच्या विमानतळावरून तिला घेऊन आलो. गुडघ्याला जाड पट्टा, चालते हळूहळू. पांढरकवड्याला घरी पोचेपर्यंत गाडीत झोपली. झुणका-भाकर दोनदा घेतली. "आई, तिथं मले याचीच याद येते." मी मान खाली घालून वाढत राहिले.

शनि. १५ नोव्हें.
घरात आहे, पण... पहाटे उठून व्यायाम. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, पाय सरळ, मोजत राहते, इंग्रजीत. मग मोबाइल. तिच्या टीमच्या मुली मैदानात.
"काय पाहून राह्यली?"
"काही नाही."

गुरु. २० नोव्हें.
शाळेतून आले तर अंगणात खुर्ची टाकून बसलेली. मला समोर उभं केलं. चेंडू एका हातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारायचा, फेकायचा नाही, असा नियम. "आई, हात ढिले सोड." तिने मारलेले चार माझ्या हातून सुटले, पाचवा धरला. ती खूप दिवसांनी हसली.
मग म्हणे, "तू माही एखादी मॅच पूर्ण पाह्यली का?"
"सगळ्या."
"मंग सांगितलं काहून नाही?"
मॅच झाली की तिचा फोन येईल म्हणून मी बसायची. ती टीमसोबत असायची.

गुरु. २७ नोव्हें.
पुढच्या वर्षी कोणाला ठेवायचं ते क्लब ठरवतो आहे. आज जेवताना सांगितलं. ठेवलं नाही तर व्हिसाचंही पाहावं लागेल. हे म्हणाले, "मंग इथंच क्रीडाशिक्षिका हो, काय वाईट?" ती ताटावरून उठली. त्यांना समजलं नाही. मला समजलं, तरी मनात मीही तेच म्हणत होते.

बुध. ३ डिसें.
सांगून टाकलं. तिच्या पायाला बर्फ लावत होते. म्हटलं, "तुहा गुडघा गेला तवा मले बरं वाटलं होतं. तू येशील म्हणून."
तिने बर्फाची पिशवी माझ्या हातातून घेतली.
"मलेबी एकदा वाटलं तसं. स्ट्रेचरवर. आता घरी जाता येईन म्हणून."
"अन् आता?"
"आता मले तिथं जायचं हाये, आई."
बर्फ वितळून सतरंजी ओली.

शुक्र. ५ डिसें.
सकाळी तिच्या कोचबाईंचा फोन. अंगणात उभी राहून बोलली, मी पोळ्या लाटत खिडकीतून पाहत होते. आत आली. म्हणे, क्लब आणखी एक वर्ष ठेवतो. पण जानेवारीत तिथे हजर व्हायचं, त्यांचे डॉक्टर गुडघा तपासतील, मगच पक्कं. तपासणीत नाही जमलं तर तिकडेच अडकेल, ना खेळ ना घर.
"जाऊ?" माझ्याकडे पाहत विचारलं. पंचवीस वर्षांची बाई, विचारायची गरज नव्हती.
म्हटलं, "पोळ्या होऊ दे."
ती तिथेच खाली बसली, पाय लांब करून. सहा झाल्या, सात झाल्या. कणीक संपली, तर उत्तर द्यावं लागेल म्हणून मी आणखी मळायला घेतली.