डोळ्याखालचं पातळ हाड

१२ जानेवारी
पळून झाल्यावर पोरींनी मैदानातच कबड्डी मांडली. पोलीसभरतीच्या तोंडावर खेळू नका, सरांनी किती वेळा सांगितलेलं. तरी खेळलो. शीतलला पकडायला वाकले आणि तिचं कोपर डाव्या डोळ्याखाली बसलं. रक्त नाही, काही नाही. माझ्यापेक्षा तीच जास्त रडली. दोन वर्षं रोज पहाटे ही भिंगारहून येते, मी सावेडीतून, आत्याच्या घरून, आणि बरोबरच धावतो. लागायचं होतं तर तिचंच लागलं.

१३ जाने.
डोळा काळानिळा. आत्या म्हणाली मुका मार आहे, बर्फ लाव. दुपारी नाक शिंकरलं तर पापणी टम्म फुगून डोळाच बंद. दाबलं की आत करकर. आत्या घाबरली. तशीच स्कूटरवर बसवून दवाखान्यात.

१५ जाने.
स्कॅन झाला. डॉक्टरांनी टेबलावरची कवटी हातात दिली. डोळ्याची खोबण सात हाडांची असते म्हणे. वरचं, बाहेरचं हाड जाड. खालची फळी मात्र पापडासारखी, उजेडाला धरली तर आरपार दिसते. तिच्याखाली गालाची पोकळी, नाकाशी जोडलेली; शिंकरलं तेव्हा तिथलीच हवा वर आली. मार बसला की ही फळी मोडते आणि डोळा वाचतो. माझाही वाचलाय. पण डोळा हलवणारा खालचा स्नायू त्या भेगेत अडकलाय. समोर एकच दिसतं. वर बघितलं की सगळं दोन. पंखे दोन, ट्यूब दोन. गाल आणि वरचा ओठ बधिर, कारण तिथली नसही त्याच हाडातून जाते.
मी भरतीचं विचारलं. ते म्हणाले, आधी स्नायू सोडवू.

१७ जाने.
अण्णा कोपरगावहून आले. ऊसतोड चालू असताना शेत टाकून आले. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "डोळा हाय तर सगळं हाय, पोरी. भरती काय, परत निघंल." बाहेर जाऊन एकटेच उभे राहिले.
शीतलचे फोन येताहेत. उचलवत नाही. काय बोलू?

२० जाने.
ऑपरेशन झालं. खालच्या पापणीच्या आतून गेले, बाहेर टाका नाही. मोडक्या फळीच्या जागी बारीक जाळी बसवली. नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही.

२ फेब्रुवारी
सूज उतरली. आरशात डोळा जागेवर. पण वर बघितलं की अजून दोन. डॉ. म्हणतात स्नायू दुखावलाय, महिने लागतील, थोडं राहूही शकतं. भरतीच्या मेडिकलमध्ये बसेल का, विचारलं. त्यांनी फाईल बंद केली.

१० फेब्रु.
आज आमचं भरतीचं ग्राउंड होतं. आठशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. दिवसभर पांघरूण घेऊन पडले. शीतल पळत असेल, आज तिचा वेळ चांगला लागला असेल, हेच डोक्यात. चांगला लागावा असंही वाटलं, आणि नाहीही. दुसरं जास्त वाटलं. लिहायला लाज वाटते.

६ मार्च
ग्राउंडच्या यादीत तिचं नाव शोधायचं नाही, असं ठरवलं होतं. आज बाजारात आमच्या ग्रुपमधली कविता भेटली. म्हणाली, "शीतल आलीच नाही की ग्राउंडला. तुला माहीत नाही?"
रिक्षाने घरी आले. जेवले नाही. मला पळता येत नव्हतं. तिला येत होतं. एक फोन उचलला असता तर तिला ढकलून पाठवलं असतं. महिनाभर मी तिच्यावर जळत होते, आणि ती पळालीच नव्हती.

९ मार्च
भिंगारला गेले. शीतल दारातच कपडे वाळत घालत होती. वजन वाढलंय. तिच्या आईने चहा केला, डोळा निरखून पाहिला, कळतपण नाही म्हणाली. रविवारी पाहुणे येणारेत, मुलगा शिक्षक आहे. ही नाही म्हणत नाही, हो पण म्हणत नाही, तूच सांग तिला, असं म्हणाली. 
आई आत गेल्यावर का आली नाहीस विचारलं. शीतल चहाकडे बघत म्हणाली, "आले होते. गेटपर्यंत. सगळ्या नंबर लावत होत्या. तुझा नंबर माझ्यानंतरचा होता. ती जागा मोकळी बघून तिथूनच परत फिरले."
मी फोन उचलले नाहीत, चुकलं, एवढंच म्हणता आलं. ती म्हणाली, मी तरी घरी यायला हवं होतं. 
निघाले तेव्हा स्टँडपर्यंत सोडायला आली. रिक्षा सुरू झाल्यावर वाकून म्हणाली, "पुढच्या भरतीला वय बसतं ना आपलं?"
बसतं, म्हणाले. डोळ्याचं मी बोलले नाही. रविवारचं ती बोलली नाही.