तुझ्या फॉर्मवरचं ‘नाही’

माय, तुझा राग येतो मला. सात वर्षं झाली तुला जाऊन, आतापर्यंत निवायला पाहिजे होता, पण निवत नाही. लोकांना आपली माय आठवली की डोळ्यांत पाणी येतं, मला तू आठवलीस की आधी दातावर दात बसतात. आज रविवार आहे, दवाखान्यात ओपीडी नाही, क्वार्टरमध्ये एकटी आहे, तर वही घेऊन एकदाचं सगळं बोलून टाकते. आणि मधेच उठून जाऊ नकोस. जिवंत होतीस तेव्हा तेच करायचीस. मी भांडायला तोंड उघडलं की तुला नेमकं कोणाच्या तरी घरी गोळ्या द्यायच्या राहिलेल्या असायच्या.

ते वर्ष आठव. डॉक्टरीच्या प्रवेश परीक्षेत पहिल्या खेपेला माझी सीट थोडक्यात हुकली होती, म्हणून बारावीनंतर एक वर्ष मी घरी बसले होते. बसले होते म्हणायचं फक्त. सकाळी सहाला पिंपळगाव राजावरून खामगावची एसटी, दुपारपर्यंत क्लास, आणि परत आले की तुझं काम. तू गावची आशा वर्कर, शाळा आठवीपर्यंत, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून सगळी रजिस्टरं माझ्या गळ्यात. गरोदर बायांची यादी मी लिहायची, लेकरांच्या लसीची यादी मी लिहायची. तू डिलिव्हरीची बाई घेऊन सरकारी दवाखान्यात गेलीस की स्वयंपाक माझा, बाबांचा कापसाच्या जिनिंगवर न्यायचा डबा माझा, हापशीवरचं पाणी माझं, आणि दारात येऊन “आशाताई कुठी गेल्या?” विचारणाऱ्या बायाही माझ्याच. मांडीवर फिजिक्सचं पुस्तक आणि गॅसवर डाळ, असा माझा अभ्यास. एकदा मी रजिस्टर आपटलं, आठवतं? म्हटलं, तुझं काम तू कर, माझी परीक्षा आहे. तू भाकर थापता थापता मागे न बघता म्हणालीस, “उद्या डॉक्टरीन झाल्यावर पेशंटले बी असंच सांगशील का वं, का माहा अभ्यास राह्यला, तू उद्या ये?” बाबा हसले. मी चडफडत रजिस्टर पुन्हा ओढून घेतलं आणि राहिलेली पानं भरली.

त्या हिवाळ्यात ते नवे फॉर्म आले. तीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईला घरी जाऊन विचारायचं: तोंडात बरी न होणारी जखम आहे का, छातीत गाठ आहे का, पाळी गेल्यावरही रक्त जातं का. हो किंवा नाही, चौकटीत खूण करायची. तू विचारायचीस, मी शेजारी बसून खुणा करायचे. तुझा हट्ट एकच होता, गावातली एकही बाई सुटली नाही पाहिजे. बौद्धवाड्यातली असो, मशिदीमागची असो, पाटलाची सून असो. आपल्या मागच्या गल्लीतली ती काकू सगळ्याला नाही-नाही म्हणत होती आणि तू तिच्या तोंडाकडे नुसती बघत बसलीस. मग मला म्हणालीस, पेन खाली ठेव, आणि तिला म्हणालीस, “लाज कोनाची वाटते तुले? मरनाचं भेव नाही वाटत का? खरं सांग.” काकू रडायला लागली. रक्त जात होतं तिचं, पाच महिन्यांपासून. दुसऱ्या दिवशी तू तिला ऑटोत कोंबून खामगावला नेलंस, तिथून अकोल्याला. तिच्या नवऱ्यालाही चार गोष्टी सुनावल्यास. मी मनात म्हटलं, माझी माय काय बाई आहे! खरंच म्हटलं होतं, तुला कधी सांगितलं नाही.

काकू जिवंत आहे, माय. मी गावी गेले की ती येते, माझ्या हातावर हात ठेवते आणि म्हणते, “तुह्या मायनं वाचवलं मले.” मी हसून मान हलवते आणि आतून जळते. दुसऱ्या बायांना लाज सोडायला लावणारी तू, तुला कोणी का नाही धरून कोंबलं ऑटोत? काऊन वं माय? तुला ठाऊक होतं. दिवाळीपासून ठाऊक होतं, तूच नंतर सांगितलंस. तुझी ती कामाची पिशवी डाव्या खांद्यावर असायची, ती उजव्यावर गेली. मी म्हटलं, पट्टा तुटला असेल. हापशी तू एका हाताने मारायला लागलीस. मी म्हटलं, दमली असेल. आणि मी तेव्हा काय करत होते? काखेतल्या गाठींचं पान पाठ करत होते, तुझ्यापासून चार हातांवर, तोंडाने पुटपुटत. तू ऐकत असशील सगळं.

परीक्षा अकोल्याला होती, मे महिन्यात. गेटवर त्यांनी माझ्या कानातले काढायला लावले, ते तू पदराच्या गाठीत बांधलेस. आत मी एकशे ऐंशी प्रश्न सोडवत होते आणि तू बाहेर रसवंतीच्या ताडपत्रीखाली तीन तास बसलीस. बाहेर आले तेव्हा तुझं तोंड उन्हानं काळवंडलं होतं. घरी आलो, चहा झाला, बाबा बाहेर गेले. तू म्हणालीस, “झाला ना पेपर? मोकळी झाली ना तू आता? मंग हे पाह्य जरा.” आणि माझा हात धरून ब्लाउजच्या आत नेलास. लिंबाएवढी होती, दगडासारखी, हलत नव्हती. काखेत आणखी दोन. मी हात मागे ओढला. आणि तू? तुझ्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी होतं, जसं काही ओझं उतरवून ठेवलंस. मी ओरडले, आधी का नाही सांगितलंस. तू म्हणालीस, “सांगतलं असतं तर तू पेपर देल्ला असता का?”

नसता दिला. आणि त्याचाच तर संताप आहे. मी पुढच्या वर्षी दिला असता. परीक्षा दरवर्षी होते वं माय! तुला एवढी साधी गोष्ट कळली नाही? गावातल्या प्रत्येक बाईला तू सांगायचीस, लवकर आली तर वाचशील. सहा महिने तू माझ्या पुस्तकांकडे बघत बसून राहिलीस. कोणी ठरवायला सांगितलं होतं तुला, की माझी सीट मोठी आणि तू लहान? मला सीट मिळाली, तुला केमोच्या बाटल्या लागल्या, आणि होळीच्या आधी तू गेलीस. माझं पहिलं वर्षही संपलं नव्हतं. तुझ्या पुण्यानुमोदनाला विहारासमोर मंडप टाकला होता, आणि जो उठला तो माईकवर म्हणाला, मायनं पोरीसाठी त्याग केला. त्याग! मला वाटलं, उठून माईक हिसकावून घ्यावा आणि सांगावं, हा त्याग नाही, हा येडेपणा आहे, आणि त्याचं ओझं आता मी मरेपर्यंत वाहायचं आहे. पण मी पांढरी साडी नेसून खाली मान घालून बसले. सगळे म्हणाले, पोरगी मोठी समजदार आहे.

आता मी सोनाळ्याकडच्या एका लहान आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. दर महिन्याला आशांची मीटिंग असते आणि दर वेळी मी तुझं उदाहरण देते. नाव घेत नाही. म्हणते, एका गावात एक आशा होती, फार हुशार, साऱ्या गावाच्या बाया तपासायला नेल्या तिने, आणि स्वतःच्या फॉर्मवर खोटं बोलली. छातीत गाठ होती आणि ‘नाही’वर खूण. खाली तिची सही. मग मी आवाज चढवून सांगते, स्वतःचा फॉर्म आधी भरत जा. बाया वहीत लिहून घेतात. मला बरं वाटतं, खरं सांगते, तुला चारचौघींत बोल लावला की दोन दिवस बरं वाटतं.

परवा एक नवीन आशा आली होती, बोलायला मोकळी. तिनं हात वर केला आणि विचारलं, “मॅडम, तिचा फॉर्म भरताना तिले विचारलं कोनं होतं?”

मी म्हटलं, पुढचा विषय घ्या.

हे कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही, बाबांनाही दाखवायचं नाही, म्हणून इथे लिहिते. कोणी विचारलं नव्हतं, माय. संक्रांत होऊन गेली होती, सगळ्या गावाचे फॉर्म झाले होते, तुझाच राहिला होता आणि दुसऱ्या दिवशी माझी क्लासची टेस्ट होती. तू आत पोळ्या लाटत होतीस. मी तुझं नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि प्रश्न न वाचता वरपासून खालपर्यंत ‘नाही’वर खुणा करत गेले. तू पिठाचे हात घेऊन दारात आलीस. “माहा भरला का?” म्हटलं, भरला. “काय लिहलं?” म्हटलं, सगळं ‘नाही’ लिहिलं, लवकर सही कर, मला अभ्यास आहे. तू तिथेच उभी राहिलीस. मी पुस्तकातून मान वर केली नाही. मग तू पदराला हात पुसलेस, खाली बसलीस आणि सही केलीस.

थोडा वेळ उभी होतीस, असं मी स्वतःला सांगत आले. थोडा नव्हता वं माय. बराच वेळ होतीस.