रेतीवरचा केक अन् पपईचं झाड

नाई, आत्याबाई, कोनी मेलं नाई. तुमी तिकडं उगाच घाबऱ्या होऊ नोका. माहं तोंड पांढरं पडलं ते येगळ्याच कारनानं. अदिलाबादच्या बजारातून आली तशी चपला पायातच ठेवून ओट्यावर बसून राह्यली, पिशवीबी सोडली नाई. सून दोनदा इचारून गेली, "आई, पानी देऊ काय?" मी म्हटलं, "पानी नोको, तुह्या आजेसासूले बोलव." ती हासली. तिले वाटलं, म्हातारीची नेहमीची मस्करी. पन मले खरंच तुमच्याशीच बोलाचं होतं. अन् तुमाले जाऊन तं इतकी वर्सं झाली का तुमच्या फोटोची काचबी बदलून झाली. म्हनून सुनेच्या शाळेचे कोरे कागद घेतले अन् लिहून राह्यली. अक्षर वाकडं आलं तं नावं ठेवू नोका. मी गावच्या शाळेत शिकली तेवढं तरी येते, तुमाले तं तेबी येत नोतं.

आधी बजारातलं सांगते. सुनेले दिवस गेले हायेत, सहावा लागला. ती मास्तरीन हाये, हुशार हाये, तुमच्या माह्यासारखी चुलीत फुंकनारी नाई. तिले डोहाळे लागले केकाचे. बेकरीतला आनून देतो म्हटलं तं नाई म्हने. "तुमी सांगता ना आई, आजी करत होत्या तो, रेतीवरचा. तोच पायजे." आता रेती कोन चाळत बसते? आजकाल केकाचं तयार पीठ डब्ब्यात मिळते, आत्याबाई. दूध ओता, ढवळा, कुकरची शिट्टी काढा अन् ठेवा. तुमी असत्या तं म्हनल्या असत्या, आळशी बायकाइचे चोचले. पन त्यात ते लाल-हिरवे-पिवळे तुकडे आपन आपल्या हातानं टाकाचे, टुटीफ्रुटीचे, तुमी टाकत होत्या तेच. किराण्याच्या दुकानात सेठ ते मोजून राह्यला होता अन् सून कागदातले उचलून उचलून तोंडात टाकून राह्यली होती. मी सेठले छेडलं, "सेठ, ये लाल-हरा फल कौनसे झाड को लगता? उसका बी दो मेरेकू, आंगन में लगाती."

तो तागडीवरून नजर न हालवता म्हने, "आपके आंगन में होगाच ना अम्मा. पपीता है ये. कच्चा पपीता. छोटा छोटा काटके शक्कर में पकाते, फिर रंग डालते."

"मस्करी नक्को करो सेठ."

"मस्करी काहेकी? मेरा भाई हैदराबाद में येईच माल बनाता."

आत्याबाई, माह्या हाताले काय झालं मालूम नाई. मी सुनेच्या हातावर अशी चापट मारली का सगळे तुकडे दुकानभर उडाले. साखरेच्या पोत्यावर, सेठच्या मांडीवर. "थुक!" म्हटलं. "आधी थुक!" दुकानात नेरडीगोंड्याच्या दोन बायका उभ्या होत्या, त्या मागं सरकल्या. सून म्हने, "आई, काय झालं? माशी होती काय?" "पपई हाये ती! कच्ची पपई! मास्तरीन हायेस ना तू, थुक म्हटलं तं थुक!" तिनं गिळलं. खरंच सांगते, माह्याकडं पाहत पाहत गिळलं. अन् मंग म्हने, "आई, आमच्या ह्यांच्या वक्ताले तुमी दर बजाराले हाच केक खाल्ला ना? तुमीच तं सांगता. मंग ह्यांले काय झालं? रेड्यासारखे तं हायेत."

सेठ हासला, त्या बायका हासल्या. मले हासू आलं नाई. कोनी कानाखाली वाजवावी अन् मंग कान सुन्न होऊन जावा, तसं झालं. ऑटोत बसली तरी मले रस्ता दिसत नोता. तुमचं आंगन दिसून राह्यलं होतं.

आंगनात न्हानीचं पानी जात होतं तिथं तवा पपईचं झाड होतं. मी नवी नवरी. माहे दोन महिने चुकलेले, पन मी कोनाले सांगितलं नाई, तुमच्या लेकालेबी नाई. लाज वाटे. उन्हाळ्याचे दिवस. तुमी वावरातून आल्या, इळ्यानं पपई कापली, फोडी ताटलीत ठेवल्या अन् माह्यासमोर सरकवल्या. "खा वं पोरी, तोंड पाय कसं सुकलं तुहं." मी खाल्ली. सगळी खाल्ली, अन् सालाले लागलेलंबी दातानं खरवडून खाल्लं. इतकी गोड होती. तुमी माह्याकडं पाहून हासल्या. आठवडा झाला नसल अन् माहं सगळं वाहून गेलं. बैलगाडीत टाकून दवाखान्यात नेलं. केरळची सिस्टर होती, ती डोक्यावरून हात फिरवून म्हने, "ऐसा होता है बेटी, किसीका दोष नहीं." मले ते आयकू आलं, पन आत गेलं नाई. घरी आनलं तवा गल्लीतल्या बायका जमल्या. शेजारची म्हातारी खाटेजवळ वाकून इचारते, "काय खाल्लं होतं वं?" मी फक्त तुमच्याकडं पाह्यलं. तुमी भितीले टेकून उभ्या होत्या अन् तुमाले तवाच समजलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मले आवाज आला. खिडकीतून पाह्यलं तं तुमी कुऱ्हाड घेऊन त्या झाडाशी. पपईचं खोड मऊ राह्यते, आतून पोकळ, दोन घावात आडवं होते. ते आडवं झालं तरी तुमी घाव घालतच राह्यल्या. कच्च्या फळाइतून चीक वाहून राह्यला होता, तुमचं लुगडं चिकट झालं. कोनी अडवलं नाई. मीबी नाई. त्याच्यानंतर आपल्या घरात तो शब्द कोनी काढला नाई. बजारात पपईचा ढीग दिसला तं तुमी रस्ता बदलत होत्या. अन् गावात कोनाच्या घरी नवी सून आली का तुमी जाऊन सांगत होत्या, "आंगनातलं झाड तोडा आधी." लोकं तुमाले भीत होते, तोडत होते.

अन् मंग दुसऱ्या खेपेले! आता बसा, नीट बसा. त्या खेपेले मी लाज ठेवली नाई, चुकल्याबरोबर सांगितलं. तुमी दुसऱ्याच दिवशी त्या सिस्टरकडं गेल्या. नाताळात तिनं दवाखान्यातल्या सगळ्याइले केक वाटला होता, त्याची चव तुमाले आठवत होती. तिनं सांगितलं, "ओवन नहीं तो रेत चलेगा, अम्मा." रेत म्हटल्यावर तुमाले कोनी शिकवाची गरज नोती, फुटाने भाजून भाजून हात पक्का झाला होता. नाल्याची रेती आनली, धुतली, वाळवली, चाळली. चुलीवरच्या मोठ्या गंजात रेती, रेतीवर डब्बा, वरून भाकरीचा तवा उपडा अन् तव्यावर निखारे. डब्ब्यात ग्लुकोजची बिस्किटं कुटून, दूध, साखर, सोडा अन् दुकानातली ती टुटीफ्रुटी. मळनं नाई, दळनं नाई, सगळं पुड्यातलं. पहिल्या वक्ताले तुमी सोडा टाकला तो कपडे धुवाचा. आठवते काय? डब्ब्यातून फेस आला! तुमच्या लेकानं तुकडा कुत्र्यापुढं टाकला, कुत्र्यानं वास घेतला अन् तुमच्याकडं पाह्यलं. मी हासून हासून पोट धरलं तं तुमी वरडल्या, "पोट दाबू नोको!"

पन दुसऱ्या बजारापासून असा फुगला, असा फुगला! वरून भाकरीसारखा खरपूस, आत लाल-हिरव्या ठिपक्याचा. तुमी चाकूनं कापत होत्या अन् जिथं ठिपके जास्त तो तुकडा माह्या ताटात. "हे फळ हाये, पोराच्या अंगी लागते." तुमी सोता कदी खाल्ला नाई. मी म्हनत होती, "आत्याबाई, एक घास घ्या ना." तुमी म्हनत होत्या, "मले दात नाई." अन् संक्रांतीले दातानं ऊस सोलत होत्या, तो कोनाच्या दातानं? मी म्हटलं, "जहर तं नाई टाकलं ना याच्यात, सोता खात नाई म्हून इचारून राह्यली." तुमचं तोंड असं उतरलं का मी आखरीचा कनबी बोटानं टिपून खाल्ला. माहा शेवटचा घास गिळून होईपर्यंत तुमी समोरून उठत नोत्या. दवा पाजतेत तसं. काऊन बसत होत्या ते मले मालूम होतं, मले मालूम हाये हे तुमालेबी मालूम होतं, अन् आपन दोघी पावसापान्याच्या गोष्टी करत होतो.

पोरगा झाला. असा रडला का सिस्टरनं कानावर हात ठेवले. तुमी गावभर सांगितलं, माह्या केकानं झाला. तुमच्या लेकाचं नाव राह्यलं बाजूले, केकाचंच नाव झालं! मंग काय, तलमडुगूपर्यंतच्या बायका शिकाले आल्या. ज्या घरी पोटुशी, त्या घरी तुमची रेती अन् तुमचा डब्बा. आता समजून राह्यलं काय आत्याबाई? एका हातानं तुमी सगळ्या गावाची पपईची झाडं तोडाले लावली अन् दुसऱ्या हातानं घरोघरच्या पोटुश्या बायकाइले साखर लावून पपईच खाऊ घातली! त्या सगळ्याइची लेकरं आज वावरं करतेत, शाळेत शिकवतेत, एक तं पोलिसात हाये. अन् सगळ्यात जास्त खाल्ली ती मी. नऊ महिने. तुमच्या हातानं, अन् तुमच्या डोळ्यासमोर.

मंग त्या पहिल्या फोडीचा काय दोष होता? ऑटोत बसल्यापासून मले हेच सुचून राह्यलं. कच्च्या पपईनं, एवढ्या पपईनं काई झालं नाई, तं तुमच्या त्या पिकल्या, गोड फोडीनं काय होनार होतं? काईच नोतं झालं तिच्यानं. सिस्टर सांगत होती तेच खरं. ते लेकरू राहाचंच नोतं, म्हून गेलं. तुमी नाई केलं, आत्याबाई. तुमी काईच नाई केलं. तुमी झाड उगाच तोडलं.

आता संध्याकाळ झाली. सून कुकर मांडून बसली हाये. सेठनं नवे तुकडे दिले, पैशे घेतले नाई, म्हने अम्मा का तबीयत संभालो. ती मघाशी पुडी हातात धरून दारात आली, "आई, टाकू का नोको? तुमचं मन नसल तं साधाच करते. इंद्रवेल्लीची माही माय तं कवाचीच नाई म्हनून मोकळी झाली असती." मी तिच्या पोटाकडं पाह्यलं. भेव गेलं म्हनत नाई, भेव इतक्या वर्साचं हाये, एका दिवसात कसं जाईल? पन मी म्हटलं, "टाक. जिथं मधातला भाग येते तिथं जास्त टाक." अन् पुडीतला एक हिरवा तुकडा मी तोंडात टाकला. त्या दिवसापासून पपईले पपई समजून खाल्लेला पहिला घास. चव काईच नोती, नुस्ती साखर.

वास सुटला. पयला तुकडा तुमच्या फोटोपुढं ठेवीन, दात नाई म्हनू नोका. तुमचा लेक तिकडं भेटला तं त्यालेबी हे सगळं सांगा, तो हासत बसल. हे पत्र कुठं टाकाचं ते मले मालूम नाई, तुमच्या पत्त्यावर पोस्टमन जात नाई. शेगडीचा एक पाय हालते, केक वाकडा होते, त्याच्याखाली घडी करून लावते.

एक राह्यलं. आखरीच्या दिवसात तुमी खाटेवरून माहा हात धरून म्हनल्या होत्या, "पोरी, ते झाड..." अन् मी म्हटलं होतं, "कोनतं झाड? झोपा गुपचूप." मले समजलं होतं, तुमी काय मांगून राह्यल्या ते. तुमी गेल्या तवा बायका म्हनल्या, सून पोटच्या लेकीसारखी रडली. ते रडू खोटं होतं, आत्याबाई. पदराच्या टोकाले कांदा बांधला होता. मी तुमाले जिंदगीभर हासवलं, पन त्या फोडीपायी माफ कदीच केलं नोतं.