खाणीच्या रस्त्यावरची सीट

दि. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझ्या बायकोचा फोन आला होता. बुटाची नाडी आता म्हणे ती बांधते, तुला वाकता येत नाही. बायको पायाशी बसलेली बघून पुरुषार्थ सुखावला असेल, तर तो घरातच ठेव.

चेष्टा पुरे. तुझ्या बसची ड्रायव्हरची सीट एका अंगाला खचलेली, स्प्रिंग कमरेत घुसते. बदलून मागितलीस तर डेपोचे साहेब चारचौघांत म्हणाले, हे कामचुकारांचं दुखणं. वर शिक्षा म्हणून खाणीच्या खडबडीत रस्त्यावर तुझी ड्यूटी लावली. असंच चाललं तर ड्रायव्हरकी कायमची सुटेल, असं डॉक्टर म्हणतात. मी शाळेत क्षमेवरची सुभाषितं शिकवते, पण ती परीक्षेपुरती. शठाशी शाठ्यच करावं. मात्र हात उचलू नकोस. तसाही तो खांद्याच्या वर जात नाही.

लोभ आहेच. तू राग तेवढा टिकव.
तुझी ताई

दि. १६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झालं एकदाचं. वरिष्ठ तपासणीला आले होते. कोणी वरचा आला की आमचे साहेब, आपणही एकेकाळी ड्रायव्हर होतो, लायसन्स अजून खिशात आहे, हे ऐकवल्याशिवाय राहत नाहीत. तसं ऐकवलं. मी हात जोडून म्हटलं, मग आज माझ्या गाडीवर कसं बसायचं ते दाखवाच, आम्ही शिकू तरी. सगळ्या ड्रायव्हरांनी गंभीर चेहऱ्याने टाळ्या वाजवल्या. वरिष्ठ म्हणाले, चला, मीही येतो. आता माघार कशी घेणार?

साहेबांनी रिकामी बस खाणीपर्यंत नेऊन आणली. खड्डा आला की मी मागून अदबीने सांगायचो, साहेब, जरा सरळ बसा. परतल्यावर वरिष्ठ उतरले, साहेब काही उतरेनात. कंबर धरली होती. त्यांनी आधारासाठी हात पुढे केला. मी विचारलं, दुखतंय का? म्हणाले, छे, पाय आखडलाय जरा. मग उतरा की, म्हटलं, आणि मागे सरलो. कोणीही पुढे झालं नाही. शेवटी म्हणाले, दुखतंय रे. तेव्हा खांदा दिला.

सीट दुसऱ्याच दिवशी बदलली. पण ताई, उतरवताना ते लहान मुलासारखे थरथरत होते. मी जरा जास्तच केलं का गं?

आशीर्वाद पाठीशी असावा. जमल्यास थोडा खाली, कमरेशी.
तुझा धाकटा

दि. २३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

साहेब थरथरले, हे सविस्तर लिहिलंस. तुझ्या मणक्यातली सरकलेली गादी आता जागेवर येणार नाही, तुला यापुढे गाडी नाही, हे मात्र गाळलंस. ते मला तुझ्या बायकोकडून कळलं.

साहेब शेकून, चोळून पंधरवड्यात बरे होतील. तेव्हा जास्त झालं की कमी, ते मला विचारू नकोस. उत्तर बाईमाणसाला शोभेल असं येणार नाही. एवढंच कळव, ते 'दुखतंय' पार मागे उभ्या असलेल्या ड्रायव्हरलाही ऐकू गेलं ना?

नसेल, तर पुढची तपासणी कधी आहे, तेही लिही.

माया होती तेवढीच आहे; क्षमा मात्र या घरात शिल्लक नाही.
तुझी ताई