तीन दाण्यांची शेंग

बुलढाणा,
शुक्रवार, १७ एप्रिल

प्रिय अनुपमा,

तुझ्या जाऊबाईचे आशीर्वाद, आणि ऋत्विक-छकुलीकडून मुके. इकडे आम्ही तिघंही खाऊनपिऊन बरे आहोत. तू एसटीनं पाठवलेल्या पिशवीतलं ज्वारीचं पीठ आणि मिरच्या नीट पोचल्या, दही मात्र राजूर घाटात सांडलं. कंडक्टर म्हणाला, "बाई, घरी सांगा, दही पाठवाचं असीन तं झाकन लावत जा." झाकण होतं, हे मी काही त्याला बोलले नाही. उद्या तो पिशवी न्यायचाच बंद करायचा.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण आपल्या घरचा फोन तुला माहीत आहे. तू हॅलो म्हणेपर्यंत आत्याबाई शेजारी येऊन बसतात, स्पीकर लावायला लावतात, आणि मामंजी ओसरीवरून "काय म्हनते? काय म्हनते?" सुरू करतात. मग आपण दोघी मिरचीच्या भावाबद्दल बोलतो आणि फोन ठेवतो. म्हणून हे पत्र परतीच्या पिशवीतल्या तुपाच्या रिकाम्या डब्यात घालते आहे. तो डबा आत्याबाई उघडत नाहीत. तो घासायचा म्हणून तुझ्याच हाती येतो.

आधी शाळेचं सांगते, कारण सोमवारी त्यांना हो की नाही ते कळवायचं आहे.

मामंजींच्या सांगण्यावरून आधी ती टायवाली शाळा पाहिली. तीन-तीन वर्षांची लेकरं बाकावर ओळीनं बसून इंग्रजीत काहीतरी जोरजोरात म्हणत होती. काय म्हणत होती ते मला कळलं नाही, त्यांनाही कळत असेल असं वाटलं नाही. मामंजींचा एकच प्रश्न होता, "टाय होती का?" होती म्हटलं. "मंग?" म्हणाले.

मग चिखली रस्त्यावरची ही दुसरी. एका जुन्या बंगल्यात आहे, बाहेर कडुलिंब, पायरीवर लेकरांच्या इवल्या इवल्या चपला. दोन भाषांची मॉन्टेसरी असं पाटीवर लिहिलंय. वर्गात दोन ताई असतात. एक जयमालाताई, त्या मुलांशी फक्त मराठीत बोलतात. दुसऱ्या फक्त इंग्रजीत. एकमेकींच्या भाषेत शिरत नाहीत. मला वाटलं लेकरं गोंधळत असतील, पण नाही गं. एक पोरगं मराठी ताईकडं जाऊन "पाणी सांडलं" म्हणालं आणि लगेच वळून दुसऱ्या ताईला तेच इंग्रजीत सांगून आलं. सांडलं होतं वाटीभर, पण दोघींना कळायला पाहिजे ना!

तिथं फळा जवळजवळ नाहीच. खाली चटया, बुटकी कपाटं, त्यात ट्रे. एका ट्रेमध्ये मूग आणि तूर मिसळून ठेवलेली, ती निवडायची. एकात लहान तांब्या आणि पेले, पाणी ओतायचं. स्वतःचा पेला स्वतः विसळायचा. हे मी परवा फोनवर सांगितलं तेव्हा आत्याबाई काय म्हणाल्या ते तू ऐकलंसच. "पैसे भरून पोरीले भांडे घासाले लावतेत? ते तं आपल्या घरी फुकट हाय." तू हसलीस. फार दिवसांनी ऐकलं तुझं हसणं.

प्रवेशाआधी काही सकाळी लेकराला तिथं नुसतं बसू देतात. सोबतचं माणूस कोपऱ्यात, लहानशा खुर्चीवर, गप्प. ती खुर्ची एवढीशी की उठताना माझ्याबरोबर उठली.

आता आपण सगळ्यांनी मिळून केलेला घोटाळा सांगते. पाडव्यानंतर छकुली इकडे यायला निघाली तेव्हा घरात प्रत्येकानं तिला शाळेसाठी तयार केलं होतं. ऋत्विकच्या पप्पांनी "माय नेम इज" शिकवलं. ज्ञानेश्वरभाऊजींनी एबीसीडी. आणि आत्याबाईंनी गाडीत बसवताना बजावलं, "शाळेत कशालेच हात नोको लावजो. हाताची घडी, तोंडावर बोट. नाही तं बाई हाकलून देतेत."

तुझ्या लेकीनं ते शब्दशः पाळलं. पहिल्या दिवशी चटईवर बसली ती हाताची घडी आणि तोंडावर बोट ठेवून. (दोन्ही एकदम कसं करायचं हा प्रश्न तिनं एक हात काखेत खुपसून सोडवला.) बाकीची पोरं पाणी ओततायत, मणी ओवतायत, आणि ही जत्रेतल्या मूर्तीसारखी. जयमालाताईंनी ट्रे पुढं ठेवला. हिनं बोट आणखी घट्ट दाबलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मी घरी येऊन किती समजावलं, "अगं, इथं हात लावायचा असतो." तर म्हणते, "आजी मारीन." मी म्हटलं, आजी धामणगावला आहे. "फोनवर सांगशीन तू." घे आता!

तुला मी फोनवर काय सांगितलं? "रमली गं. मजेत आहे. तुझी आठवणही काढत नाही." आत्याबाई म्हणाल्या, "पाय, मी सांगत नव्हती?" आणि तू "बरं झालं" म्हणून मिरचीवर आलीस. तुझा आवाज कसा झाला ते स्पीकरवर सगळ्यांनी ऐकलं असेल, पण ओळखला फक्त मी.

तर आता काल काय झालं ते.

काल कपाटात नवा ट्रे होता. भुईमुगाच्या शेंगा आणि दोन वाट्या, एक दाण्यांना, एक टरफलांना. जयमालाताईंनी काही न बोलता चटईवर बसून दोन-चार शेंगा फोडल्या आणि निघून गेल्या. छकुली बराच वेळ बघत राहिली. मग तोंडावरचं बोट निघालं. मग काखेतला हात. तिनं शेंग उचलली, अंगठ्यानं अशी टचकन फोडली की दुसऱ्या ताई इंग्रजीत काहीतरी कौतुकाचं म्हणाल्या. तुझ्यासारखीच फोडते, टोकाकडून. वाटी भरत आली.

मधेच ती थांबली. एक शेंग हातात धरून उलटीपालटी केली, कानाशी हलवली आणि फोडलीच नाही. मुठीत धरून उठली, थेट माझ्याकडं आली आणि अख्ख्या वर्गात ऐकू जाईल अशी म्हणाली, "मोठी आई, तीन दाण्याची निंगाली. माही आई कुठी हाय?"

तीन दाण्यांची शेंग निघाली की ती आईची, हा तुमच्या दोघींचा खेळ मला माहीतच नव्हता गं. एका घरात राहून.

मी म्हटलं, दे माझ्याकडे, आपण आईला पाठवू. "नाही." ट्रेमध्ये ठेव. "नाही." ताईंनीही मागितली नाही. ती मूठ दिवसभर उघडली नाही. जेवली डाव्या हातानं. ऋत्विकनं खेचायचा प्रयत्न केला तर त्याला चावली, आणि तो मला दंड दाखवत म्हणतो, "मम्मी, हे मॉन्टेसरीत शिकोतेत का?"

शाळेतून निघताना जयमालाताईंनी विचारलं, "हिची आई कुठं असते?" बाई मूळच्या बीबीच्या आहेत, लोणार तालुक्यातल्या. मी म्हटलं, शेतावर. आमच्याकडं एक सून इथं, एक तिथं. त्यांना ते समजावून सांगावं लागलं नाही, अर्ध्या शाळेचं तसंच आहे. म्हणाल्या, "जागा आहे, नाव घालू. संध्याकाळी ती कोणाला शोधते?"

मी "कोणालाच नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणू शकले नाही.

संध्याकाळी ती फाटकाशी जाऊन उभी राहते, अनु. आपली खोली स्टँडजवळ. धामणगावची गाडी कधी लागते हे तिला कोणी शिकवलं नाही, पण तिला कळतं. माणसं उतरून पांगेपर्यंत बघते. मग येऊन म्हणते, "आज नाही आली." रडत नाही. हे पाडव्यापासून रोजचं आहे आणि तुला मी एकदाही सांगितलं नाही. तुला त्रास होईल म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते.

ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं लिहायचं मी मघापासून टाळते आहे.

दोन वर्षांपूर्वी घरानं ठरवलं, मोठी शिकलेली आहे, ती ऋत्विकला घेऊन बुलढाण्याला राहील. धाकटीला ठिबक कळतं, मिरची कळते, ती शेत बघेल. तेव्हा मी तोंड पाडलं होतं. सगळ्यांना वाटलं घर सोडायचं दुःख आहे. पहिला महिना होतंही. पण मग काय झालं सांगू? इथं सकाळचा पेपर सगळ्यांत आधी मी वाचते. घडी मोडलेली नसते. संध्याकाळी पोरं खेळत असली की मी ड्रेस घालून कारंजा चौकापर्यंत चालून येते, आणि कुठं चाललीस असं कोणी विचारत नाही. वाचनालयाच्या बाई मला नावानं ओळखतात. पुष्पांजलीताई म्हणतात. धामणगावात मला शेवटचं पुष्पांजली कोण म्हणालं होतं, आठव बरं.

छकुलीला आई हवी असं म्हटलं तर तू इकडे येणार, आणि घरी एक सून पाहिजे म्हणून मला जावं लागणार. म्हणून "रमली, रमली" चाललं होतं माझं. मनात वाईट नव्हतं गं. जरा लोभ होता.

असो. आता काय करायचं ते मी ठरवलं आहे, आणि तुला विचारत नाहीये. तुला विचारलं तर तू आधी आत्याबाईंकडं बघशील.

सोमवारी मी त्या शाळेला हो म्हणते. टाय नाही, हे मामंजींना मी समजावीन. रविवारी सकाळच्या गाडीनं मी धामणगावला येते आणि सोमवारी सकाळी तू इकडे निघ. एक दिवस शेजारच्या सत्यशीलाकाकू मुलांकडं बघतील. शाळेला फोनवर कळवलं तरी चालतं. पावसाळा संपेपर्यंत तू इथं राहा. पुढचं दिवाळीला आपण दोघी ठरवू. आपण दोघी, ओसरी नाही.

काल ऋत्विकच्या पप्पांना त्यांच्या मोबाईलवर सांगितलं. म्हणाले, "मायले कोन सांगीन?" मी म्हटलं, मी. "मंग ठीक हाय," म्हणाले. आत्याबाई विचारतील, पोरगी रमली म्हणत होतीस ना? मी खोटं बोलत होते, असं त्यांच्या तोंडावर सांगीन. घडी आणि बोट कोणी शिकवलं, तेही जमलं तर सांगीन. मिरची मी तोडीन. दोन वर्षांत हात मऊ झालेत, चार दिवस आग होईल. ठिबकच्या कोणत्या नळीला गाठ मारून ठेवली आहेस तेवढं निघण्याआधी दाखव.

ऋत्विक तुझ्याजवळ राहील. रात्री पांघरूण फेकतो, पुन्हा टाकू नकोस, चिडतो. गणिताचा पेपर कसा गेला विचारलं तर "बरा" म्हणतो, म्हणजे वाईट गेला. मी जाणार म्हटल्यावर आधी म्हणाला, "जाय ना. काकूच्या भाकरी मोठ्या रायतेत." मग अंथरुणात तोंड भिंतीकडं करून विचारलं, "शनिवारी येशीन ना पन?" मी हो म्हटलंय. तेव्हा शनिवारची पिशवी मी स्वतः घेऊन येत जाईन. दह्यासकट.

तू आल्यावर सकाळी पेपर आधी तू वाच. दारात पडला की लगेच उचल, नाहीतर ऋत्विक घडी मोडतो. वाचनालयाच्या बाईंना मी तुझं नाव सांगून ठेवलंय.

ती शेंग या डब्यात घालणार होते. छकुली झोपल्यावर मूठ सैल होते, काढता आली असती. नाही काढली. सकाळी उठल्या उठल्या तिनं मूठ उघडून पाहिली, मिटली, आणि मला म्हणाली, "आईच्या हातात देतो मी." तेव्हा शेंग इथंच आहे. तू येऊन घे.

तुझी वाट फाटकाशी कोण बघतंय हे आता तुला माहीत आहे. तिच्या मागं, जरा आत, मीही उभी असते.

ऋत्विक तुझ्या हवाली करणारी,
छकुलीची मोठी आई,
पुष्पांजली