शॅननच्या गणपतीवर डब्लिनची स्वारी

शॅनन, १४ सप्टेंबर २००६

...आणि ते शून्य मी अजूनही मान्य केलेलं नाही, मामा. नववीच्या सहामाहीत 'अमेरिकेने फिलिपिन्स बेटे का घेतली?' या प्रश्नाला मी 'क्यूबाला सोडवायला निघाले होते, वाटेत हाताला लागली म्हणून' असं उत्तर लिहिलं. तुम्ही त्यावर लाल शाईने भोपळा काढलात, तो वर्गात फिरवलात आणि संध्याकाळी घरी येऊन आईलाही दाखवलात. आता परवाच्या पत्रात पुन्हा तेच. मला इतिहासातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून मी इराकला निघालेल्या अमेरिकन शिपायांना बटाटे तळून घालतो आणि साम्राज्यवादाचा आचारी झालोय! अहो, ते शिपाई विमानात तेल भरेपर्यंत विमानतळावर थांबतात आणि जातात. आमच्या हॉटेलात येतात ते गोल्फ खेळायला आलेले अमेरिकन पेन्शनर, आणि त्यांना जिना चढताना धरावं लागतं. ते कुठलं बेट घेणार?

(नमस्कार राहिला. मामींना आणि तुम्हाला वाकून, दोघांना एकदमच. मामींच्या गुडघ्याला लेप लागू पडला का? तुमची साखर कशी आहे? मी ग्रँड आहे. इथे माणूस तापाने फणफणला तरी ग्रँडच असतो.)

तर मामा, तुमचा तो अमेरिकेचा धडा मी झोपेत ऐकला असेन, पण तो या दोन वर्षांत माझ्या डोळ्यांदेखत घडला. अमेरिकेच्या जागी डब्लिनचं मराठी मंडळ ठेवा आणि क्यूबाच्या जागी आम्हाला.

आम्ही शॅननमध्ये मराठी माणसं अकरा, तीही पोरं धरून. आमचा गणपती वीतभर उंच, पितळी. प्रकाशराव (इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात इंजिनियर) यांच्या आई, सरिताकाकू, यांनी तो साताऱ्याहून मांडीवर धरून विमानाने आणला. दरवर्षी हॉल भाड्याने घेऊन बसवतो, शेवटी सुपारीचं विसर्जन करतो आणि मूर्ती पुन्हा प्रकाशरावांच्या प्रेसमध्ये (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) जाते. उकडीचे मोदक मी करतो. तुम्हाला हसू येईल, पण पेणमध्ये आईच्या हाताखाली शिकलेली ती एकच विद्या इथे चालते. वर्षभर या इंजिनियर-डॉक्टर मंडळींना, बटाटे सोलणाऱ्या माणसाशी काय बोलावं ते सुचत नाही. त्या अकरा दिवसांत मात्र प्रकाशरावांच्या बायको, मृणालिनीवहिनी, माझ्यासाठी पाट मांडतात आणि सगळे मला हरीशभाऊ म्हणतात. वाईट कुणीच नाही, पण निमित्त लागतंच. म्हणजे गणपती शॅननमधून हलला तर त्याच्या मागोमाग माझं जेवणाचं ताटही हललं, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

सुरुवात झाली पत्राने. लंडनच्या एका मंडळाने आम्हाला आरतीची पाच पुस्तकं पाठवली, बस्स, एवढंच त्यांचं पाप. लगेच डब्लिन मंडळाचे अध्यक्ष शैलेंद्र (सँडीफोर्डला ऑफिस, गळ्यात कायम ओळखपत्राचा पट्टा, तो सोवळ्यावरसुद्धा) यांचं पत्र आलं, की या बेटावरच्या मराठी माणसांच्या कार्यात समुद्रापलीकडच्यांनी लक्ष घालू नये, आम्ही समर्थ आहोत. मामा, हा तुमचा १८२३ सालचा मन्रो सिद्धांत, युरोपने अमेरिका खंडात ढवळाढवळ करू नये म्हणणारा! फळ्यावर तुम्ही त्याच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. आम्ही भोळे, आम्हाला वाटलं किती आपुलकी.

मग गेल्या वर्षी आमच्या हॉलमध्ये संकट आलं. काकूंनी आरतीला कापूर जरा सढळ हाताने घातला, धुराची घंटा वाजली आणि दोन बंब आले. तुमच्या त्या केअरटेकरने (इथे कुणालाही 'युअर मॅन' म्हणतात, त्याची सवय लागलीय) हॉलची किल्ली काढून घेतली. ही खबर लागताच डब्लिनहून तीन गाड्या भरून मुक्तिसेना आली. शैलेंद्रनी केअरटेकरला बाजूला घेऊन अर्धा तास गोड बोलून किल्ली सोडवली, आम्ही टाळ्या वाजवल्या, मी मोदक दिले. जेवणं झाल्यावर त्यांनी एक कागद काढला. शॅननचा गणपती स्वतंत्रच राहील, फक्त आरत्यांचा क्रम, पाहुणे आणि प्रसाद हे डब्लिनच्या संमतीने, आणि हॉलच्या स्वयंपाकघरातला एक प्रेस त्यांच्या माइकसाठी कायमचा त्यांच्याकडे, किल्ली त्यांचीच. प्रकाशरावांनी सही केली. मी म्हटलं, अहो हे क्यूबाचं झालं, सोडवलं आणि आपला तळ ठेवून घेतला, त्या प्रेसचं नाव ग्वांटानामो ठेवा! कुणी हसलं नाही. सगळे विज्ञान शाखेचे.

आता फिलिपिन्स. आमच्या गणपतीचा बोलबाला झाला होता. आमच्यातल्या गौरवचं वर्क परमिट अडकलं होतं ते त्याच्यापुढे नारळ ठेवल्यावर सुटलं, डॉक्टर सानिकाला लिमरिकच्या हॉस्पिटलात कायमची जागा मिळाली. डब्लिनचा गणपती तीन फुटी फायबरचा, दिव्यांचा, पण परमिटच्या बाबतीत शून्य. ऑगस्टमध्ये निरोप आला की यंदा उत्सव एकत्र, डब्लिनच्या ॲडम्सटाउनजवळच्या शाळेत, तुमच्यासाठी बस पाठवू आणि मूर्ती न्यायला शनिवारी सकाळी आम्हीच येऊ, तुम्हाला त्रास नको. प्रकाशराव म्हणाले, जाऊ दे रे, बस देतायत. वहिनी पाट पुसत राहिल्या. चतुर्थी त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या रविवारी, म्हणजे आदल्या शुक्रवारपासून नऊ दिवस होते.

शुक्रवारी कामावरून आलो तो सरळ प्रकाशरावांकडे. आंघोळ केली, पाट मांडला, मूर्ती ठेवली, आणि आठवतील तेवढ्या मंत्रांनी (निम्मे मंगलाष्टकांतले होते) गणपतीची प्रतिष्ठापना करून टाकली. हो मामा, श्रावणात. अमावास्या अजून पुढे होती. काकू जपमाळ हातात धरून बघत होत्या. मला वाटलं आता झोडपतील. पण म्हणाल्या, "दूर्वा कुठं हायत? बसवतूस तर नीट बसव की!" आणि परसातलं आयरिश गवत निवडायला स्वतः गेल्या.

शनिवारी शैलेंद्र तीन गाड्या भरून माणसं, खोका आणि गादी घेऊन आले. दारातच उदबत्तीचा वास. त्यांनी बूट काढले (संस्कार मोठे चांगले), आत आले, आणि गणपतीला हार घातलेला बघून हात आपोआप जोडले.

"अहो पण चतुर्थी पुढच्या रविवारी आहे!"

"हितं साताऱ्याचं पंचांग चालतं," काकू म्हणाल्या.

"काकू, उत्तरपूजा करू, तिकडे पुन्हा बसवू."

"बसल्याला देव उठवत्यात व्हय? अनंत चतुर्दशीपोतुर बोललीया मी. ज्याला आपलं परमिट अडकवायचं आसल त्यानं हात लावावा."

तीन गाड्यांतली माणसं, मामा, सगळी परमिटवाली. एकानेही हात पुढे केला नाही. शैलेंद्रनी प्रसाद घेतला आणि रिकामा खोका घेऊन गेले. वहिनी त्या दिवशी इतक्या मोठ्याने आरती म्हणत होत्या की शेजारची बाई विचारायला आली.

पण बसवलेला देव एकटा ठेवता येत नाही आणि घर बंद करता येत नाही, हे मी बसवताना विसरलो होतो. वीस दिवस! सगळे कामाला जाणार, काकूंचे पाय सुजलेले, म्हणजे कामाला दांड्या मारून राहिलो मी. दोन वेळा आरती, दोन वेळा नैवेद्य, आणि दर दिवशी कुणीतरी डब्लिनहून 'सहज दर्शनाला' येऊन खिडक्या-दारं न्याहाळून जायचं. प्रकाशरावांनी दोन रविवार स्वतः देवापाशी बसून मला सुट्टी दिली तेव्हा मी इतका झोपलो की आरती चुकली. पण वीसही दिवस माझा पाट मांडलेला होता. अनंत चतुर्दशीला, ६ तारखेला, शॅनन नदीच्या काठी सुपारी सोडली. ओहोटी होती, ती चिखलात बसली. प्रकाशराव चिखलात उतरून तिला पुढे ढकलून आले, नव्या बुटांनिशी.

तेव्हा मामा, दुसऱ्याचं घ्यायला जाणारे आधी कसे मदतीला येतात, ते मला कळलंय. गुण देताना एवढं ध्यानात घ्यावं.

तुमचा भाचा,
हरीश

ता. क. नोकरी गेली नाही. बटाट्यावरून कांद्यावर टाकलंय. आईला 'बढती' सांगा.

ता. क. २. खरं काम आता सांगतो. तुम्ही पेणमध्ये आहात, तिथल्या गणपतीच्या कारखान्यांत तुमचे अर्धे विद्यार्थी. शाडूची एक मूर्ती करून घ्या, दोन फुटी, सोंड डावी, डोळे जरा जरबेचे. डॉक्टर सानिकाचे वडील डिसेंबरात येताहेत, ते पेटीतून आणतील. इथून दीड तासावर गॉलवे आहे, तिथे चार मराठी डॉक्टर आहेत आणि बिचारे कॅलेंडरच्या चित्राची पूजा करतात. माघी गणेश जयंतीला मी त्यांच्याकडे मूर्ती घेऊन जाणार. त्यांनी मागितलेली नाही, पण मागेपर्यंत थांबलो तर डब्लिन पोचेल. त्यांच्या प्रसादाचं मीच बघेन, आरत्यांचा क्रमही काकूंनी लावून दिलाय. सहीचा कागद तुम्ही इंग्रजीत लिहून द्या, तुमचं कायद्याचं इंग्रजी चांगलं आहे.

ता. क. ३. मूर्तीचे, पेटीचे, आणि हे सगळं आईला न सांगण्याचे मिळून पाठवतोय: बारा हजार रुपये.